गाळाचं अभयारण्य : नांदूरमधमेश्वरचा इतिहास नेमका कुठे शोधायचा?

पावसाळ्यात मराठी बातम्या ऐकणाऱ्या प्रत्येकाला नांदूरमधमेश्वर हे नाव माहीत असतं. "नांदूरमधमेश्वर बंधाऱ्यातून जायकवाडीच्या दिशेने इतके हजार क्युसेक विसर्ग सुरू." नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा या पाण्याच्या भांडणातला हा जणू काट्याचा आकडा. आणि मग डिसेंबर-जानेवारीत तेच नाव पुरवणीच्या पानावर येतं, फोटोसकट: चक्रवाक आले, चित्रबलाक आले, पर्यटकांची गर्दी वाढली. पान बदललं की गाव बदलल्यासारखं वाटतं. एकीकडे क्युसेक, दुसरीकडे दुर्बीण.

माझ्या पीएचडीचा विषय गोदावरी कालव्यांचा इतिहास. या दोन पानांच्या मध्ये काय आहे, हे शोधताना मी एक मोठी चूक केली आणि तिच्यात जवळपास वर्ष घालवलं. पेटची तयारी करणाऱ्या, सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या मंडळींनी ती चूक वाचून ठेवावी म्हणून आज हे लिहितेय.

आधी जागा समजून घेऊ. नाशिक जिल्ह्यातला निफाड तालुका म्हणजे द्राक्षं, कांदा, ऊस, गहू. हिवाळ्यात इथे पारा किती उतरला याची बातमी कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातून येते. या तालुक्यात गोदावरीला कादवा येऊन मिळते आणि त्या संगमाजवळ एक दगडी बंधारा आहे. बांधकाम १९०७ ते १९१३ मधलं. १९८६ साली हा सगळा परिसर पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून त्याचं नाव जाहीर झालं. चापडगावला निरीक्षण मनोरे आहेत, गावातलीच मुलं गाईड म्हणून सोबत येतात. स्पॉटिंग स्कोप लावून "तो बघा, दलदली भोवत्या" असं ती सहज सांगतात. नोव्हेंबर ते मार्च हा हंगाम. पहाटे गेलात तर स्वेटर घाला, हे अनुभवाचे बोल.

बंधारा पक्ष्यांसाठी बांधला नव्हता हे उघडच आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी दख्खन पिळून काढला होता. त्यानंतर १९०१ ते १९०३ या काळात सर कॉलिन स्कॉट-मॉनक्रिफ यांच्या अध्यक्षतेखाली सिंचन आयोग बसला. या आयोगाने मुंबई इलाख्यातल्या दुष्काळी पट्ट्यासाठी 'संरक्षक' सिंचनाची बाजू उचलून धरली. म्हणजे काय, तर सरकारला नफा झाला नाही तरी चालेल, पण दुष्काळात माणसं जगवणारं पाणी हवं. गोदावरी कालवे याच काळातले. इगतपुरी तालुक्यातलं दारणा धरण १९१६ मध्ये पूर्ण झालं. तिथे साठवलेलं पाणी नदीतूनच खाली यायचं, नांदूरमधमेश्वरला अडायचं आणि तिथून डाव्या-उजव्या कालव्यांत वळायचं. इंजिनिअर मंडळी याला 'पिकअप वेअर' म्हणतात. हा शब्द नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. पाणी साठवणं हे या भिंतीचं मुख्य काम नाही. पाण्याची पातळी उंचावून ते कालव्याच्या तोंडात ढकलणं हे तिचं काम.

पुढे जे झालं ते दख्खनच्या बहुतेक कालव्यांवर झालं. बाजरी-ज्वारीच्या शेतकऱ्याला पाऊस बरा असला की कालव्याचं पाणी नको असायचं आणि सरकारला पाणीपट्टी तर हवी होती. मधली जागा उसाने भरली. दुष्काळ निवारणाचं पाणी कोपरगाव-राहात्याकडे उसाचं पाणी झालं, काही जमिनी पाणथळ आणि चोपण झाल्या. यावर भरपूर लिहिलं गेलंय, मीही माझ्या पहिल्या प्रकरणात लिहिलंय, इथे थांबते.

आता माझी चूक.

मला एक छान, चकचकीत वाक्य सापडलं होतं: "बंधाऱ्याने पक्षी आणले." पुरावा काय? मी मुंबईच्या पुराभिलेखागारात सार्वजनिक बांधकाम खात्याचे खंड पाहत होते. कालव्यांची तोंडं, दगडाचे दर, मजुरीचे तक्ते, भूसंपादन, सगळं होतं. पक्ष्याचं एक पीस नव्हतं. मग दुसऱ्या बाजूने, म्हणजे पक्षी-अभ्यासाच्या साहित्यातून आले, तर नांदूरमधमेश्वर हे नाव ठळकपणे येऊ लागतं ते विसाव्या शतकाच्या शेवटच्या काही दशकांत. मी दोन्ही जोडून टाकलं. आधी पक्षी नव्हते, भिंत आली, पाणी साचलं, पक्षी आले. सरळ रेषा. सेमिनारमध्ये मांडलं, टाळ्याही मिळाल्या.

गाईड मॅडमनी एकच प्रश्न विचारला: "पक्षी नव्हते, की पक्षी लिहून ठेवणारं कोणी तिथे नव्हतं?"

इतिहासाच्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही माहीत असलेली गोष्ट आहे ही. नोंद नसणं म्हणजे घटना नसणं नव्हे. पण आपलं वाक्य आपल्याला आवडायला लागलं की हे विसरायला होतं. मग मी उलट दिशेने निघाले. दख्खनमध्ये पक्षी कोण लिहून ठेवत होतं?

उत्तर मजेशीर निघालं. जे शेती मोजत होते तेच. कर्नल विल्यम हेन्री साइक्स १८२४ पासून मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी म्हणून दख्खनभर फिरत होता. काम काय, तर लोकसंख्या, पिकं, जमिनीच्या पद्धती, हवामान यांची माहिती गोळा करणं. त्याच फिरतीत त्याने पक्षी गोळा केले आणि १८३२ मध्ये लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढे दख्खनच्या पक्ष्यांची यादी मांडली. आजही एका चंडोलाला त्याचं नाव आहे. पुढे अहमदनगरकडे अमेरिकन मराठी मिशनचे रेव्हरंड फेअरबँक. त्यांची यादी १८७६ मध्ये 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात आली. दोन वर्षांनी तिथेच डेव्हिडसन आणि वेंडेन यांचा दख्खनच्या पक्ष्यांवरचा लेख आला. त्यांच्यातला एक मुलकी अधिकारी, दुसरा रेल्वेतला. हे नियतकालिक चालवत होते ए. ओ. ह्यूम. हो, तेच काँग्रेसवाले. आणि त्या काळात ते भारत सरकारच्या महसूल, शेती आणि व्यापार खात्याचे सचिव होते.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, दख्खनच्या मोकळ्या रानात, नदीच्या डोहांत, गावतळ्यांवर पक्षी होतेच आणि ते कोणीतरी बघतही होतं. दुसरी जास्त महत्त्वाची. हे लोक जिथे नोकरीने जात, तिथलेच पक्षी कागदावर येत. साहेबाचा तंबू जिथे पडला तिथली यादी झाली. नाशिक हा स्वतंत्र जिल्हाच मुळात १८६९ चा, त्याआधी हा भाग अहमदनगरच्या कलेक्टरीत. त्यामुळे 'अहमदनगर' म्हणून लिहिलेल्या नोंदीत आजचा नाशिक असू शकतो आणि नसूही शकतो. जुनी यादी वाचताना जिल्ह्याची त्या वर्षीची हद्द आधी बघायची, ही सवय मला तिथे लागली. तुम्ही आधीच लावून घ्या.

म्हणजे "बंधाऱ्याने पक्षी आणले" हे वाक्य मला खोडावं लागलं. मग बंधाऱ्याने केलं तरी काय?

याचं उत्तर मला पुराभिलेखागारात मिळालं नाही. ते चापडगावात एका ओट्यावर मिळालं. मी एका आजोबांना विचारत होते की तुमच्या लहानपणी पक्षी किती असायचे. ते म्हणाले, "पोरी, पक्ष्यांचं काय विचारतीस, गाळाचं इचार. गाळ जसा सरकला तसे पक्षी सरकले." आणि मग बोलता बोलता त्यांनी 'गाळपेर' हा शब्द वापरला.

शेतीतल्या घरच्या मुलांना हा शब्द ठाऊक असेल. उन्हाळ्याकडे धरणाचं पाणी मागे हटतं, खालचा गाळ उघडा पडतो, त्यात ओलावा असतो आणि खत तर फुकटच. त्या जमिनीवर एक पीक काढून घेता येतं. पाटबंधारे खातं अशी गाळपेर जमीन तात्पुरत्या मुदतीने कसायला देतं. ज्यांची जमीन धरणात गेली त्यांच्यासाठी हा शब्द फार जिव्हाळ्याचा असतो, कारण आपलंच बुडालेलं शेत वर्षातले चार महिने परत भेटतं. भाड्याने का होईना.

हा शब्द कानावर पडेपर्यंत मी 'पाणी' शोधत होते. त्या दिवसापासून 'गाळ' शोधायला लागले आणि सगळं चित्रच फिरलं.

बघा, काय घडलं असेल. काळ्या मातीच्या पट्ट्यातून येणाऱ्या दोन नद्या. सपाट प्रदेश. त्यात आडवी भिंत. पुराच्या पाण्याचा वेग भिंतीपाशी मोडतो आणि पाण्यासोबत आलेली माती खाली बसते. वर्षानुवर्षं बसत राहते. भिंतीमागचं खोल पाणी उथळ होतं, मध्ये बेटं तयार होतात, कडेला दलदल, दलदलीत पाणकणीस आणि बाकी पाणवनस्पती. बदकांना खोल पाणी लागतंच असं नाही. थापट्या, तलवार बदक यांना उथळ पाण्यातलं खाद्य हवं. शेकाट्याला पायभर पाणी पुरे. जांभळ्या पाणकोंबडीला गच्च गवत हवं, कमळपक्ष्याला तरंगती पानं. मुग्धबलाक शिंपले-गोगलगायी शोधत चिखलातून फिरतो. आणि हे सगळं एकाच ठिकाणी, हाकेच्या अंतरावर. बंधाऱ्याने पक्षी शून्यातून आणले नाहीत. त्याने गाळ अडवला आणि गाळाने जागेची इतकी विविधता तयार केली की विखुरलेले पक्षी तिथे गोळा होऊ लागले. आज इथे अडीचशेच्या आसपास जातींची नोंद आहे.

आता मघाचा शब्द आठवा. पिकअप वेअर. साठवण धरणात गाळ आला की बोंब होते, कारण साठा घटतो म्हणजे पैसा घटतो. पिकअप वेअरचं तसं नाही. कालव्याच्या तोंडाशी पातळी मिळाली की भिंतीचं काम झालं. मागे गाळ साचला तरी पाणी कालव्यात जातंच. माझी मांडणी अशी की इथला गाळ दीर्घकाळ साचू दिला गेला, तो निसर्गप्रेमाने नाही आणि केवळ आळसानेही नाही. खात्याच्या हिशेबात तो तोटा म्हणून ठळकपणे उमटतच नव्हता. जे हिशेबात दिसत नाही ते वाढत राहतं. बंधारा पूर्ण झाल्यापासून अभयारण्य होईपर्यंत त्र्याहत्तर वर्षं ते वाढत राहिलं.

इथे एक तुलना टाळता येत नाही. डॉ. सालिम अलींनी या जागेला 'महाराष्ट्राचं भरतपूर' म्हटलं, असं प्रत्येक बातमीत येतं. बहुतेक लोक ते कौतुक म्हणून वाचतात. मला ते इतिहास म्हणून जास्त बरोबर वाटतं, कारण भरतपूरचं केवलादेवही माणसानेच घडवलेलं. बांध घालून, पाणी वळवून तयार झालेली ती जागा, आणि संस्थानी काळात ते शिकारीचं ठिकाण होतं. १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये व्हाइसरॉय लिनलिथगोच्या पार्टीने एका दिवसात चार हजारांहून जास्त पक्षी मारल्याचा शिलालेख तिथे अजून उभा आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला केवलादेव राष्ट्रीय उद्यान झालं, गावकऱ्यांच्या गुरांना चराईबंदी झाली, विरोध झाला आणि १९८२ मध्ये पोलिस गोळीबारात माणसं मेली. नंतर बीएनएचएसच्या दीर्घ अभ्यासात काय दिसलं? गुरं थांबल्यावर गवत इतकं माजलं की उघडं पाणी कमी झालं आणि काही पाणपक्ष्यांचं उलट नुकसान झालं. म्हशी तिथल्या व्यवस्थेचा भाग होत्या, हे म्हशी हाकलल्यावर कळलं.

नांदूरमधमेश्वरची अधिसूचना याच्या चार वर्षांनी आली. इथे गोळीबार झाला नाही, पण आकडे पाहा. अभयारण्याचं घोषित क्षेत्र १००.१२ चौरस किलोमीटर. रामसर स्थळाचं क्षेत्र १४.३७ चौरस किलोमीटर. मधल्या फरकात प्रामुख्याने काय आहे? शेतं, मळे, विहिरी, द्राक्षांचे मांडव, वस्त्या. अभयारण्यात घर असणं म्हणजे काय, हे तिथे राहणाऱ्यालाच विचारावं. आणि गंमत अशी की क्रौंच किंवा चक्रवाक रात्री पाण्याजवळ आणि दिवसा चरायला शेतात जाऊ शकतो. त्याच्या दृष्टीने शंभर चौरस किलोमीटरच खरे. म्हणजे कागदावरची रेघ पक्ष्याला बरोबर, शेतकऱ्याला जाचक. दोघांचंही खरं आहे. मला दोन्ही बाजू पटतात आणि प्रबंधात हे कसं लिहायचं हे अजून नीट जमलेलं नाही.

द्राक्षाच्या बागेवर बुलबुल-पोपट येऊ नयेत म्हणून जाळी लावणारा शेतकरी आणि सकाळी पर्यटकांना पक्षी दाखवणारा त्याचाच मुलगा, असं एक घर मला भेटलं. दोघं एकमेकांवर हसत होते. "याचे पाहुणे वेगळे, माझे चोर वेगळे," असं बाप म्हणाला.

पण सगळंच हसण्यावारी नेण्यासारखं नाही. बंधाऱ्याच्या वरच्या बाजूला नदीकाठी चांदोरी आणि सायखेडा ही गावं आहेत. ऑगस्ट २०१६ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये ती पाण्यात होती. दुकानांत पाणी, घरांत पाणी, बोटीतून माणसं काढावी लागली. तिथे मी जेव्हा "गाळामुळे पक्षी आले" असं उत्साहाने सांगायला लागले, तेव्हा एक मावशी शांतपणे म्हणाल्या, "आणि गाळामुळे पाणी आमच्या चुलीपर्यंत येतं, ते लिहिणार का?" काठच्या लोकांचं म्हणणं असं की भिंतीमागे गाळाने नदीचं पोट भरलंय, पुराला जागा उरलेली नाही, फुगवटा मागे सरकतो. गाळ काढा ही त्यांची मागणी. काढला तर दलदलीचं काय, हा पक्षीमित्रांचा प्रश्न. त्यात वरून नाशिक शहराचं सांडपाणी आणि त्यावर पोसलेल्या पाणवेली वाहत येतात, त्यांचं ओझं वेगळंच. या वादात इतिहासकाराने निकाल द्यायचा नसतो. पण हा गाळ 'नैसर्गिक' नाही, एका सरकारी निर्णयाची ती शंभर वर्षांची शिल्लक आहे, एवढं तरी टेबलावर ठेवता येतं. नाहीतर चर्चा 'निसर्ग विरुद्ध माणूस' अशी होते आणि त्यात बंधारा बांधणारं खातं कुठेच दिसत नाही.

आता तुमच्या कामाचं. मी सध्या काय करतेय ते सांगते, कारण बरेच जण विचारतात की सिनॉप्सिसमध्ये साधनांच्या भागात लिहायचं काय. कालव्याला पाणी सुटतं ते सलग नाही, आवर्तनाने सुटतं. आवर्तन चालू असताना बंधाऱ्यात पातळी धरून ठेवावी लागते, संपलं की ती उतरू शकते आणि चिखलाच्या पट्ट्या उघड्या पडतात. म्हणजे शेकाट्याला जेवण कधी मिळणार, हे कालव्याच्या वेळापत्रकात लिहिलेलं असतं! दुसरीकडे आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. एका टेबलावर आवर्तनाच्या तारखा, दुसऱ्यावर जानेवारीचे आकडे, तिसऱ्यावर कुंदेवाडीचं तापमान, आणि चौथ्यावर गाळपेरीच्या नोंदी, कारण कुठली जमीन कोणत्या वर्षी उघडी पडली हे त्यातूनच कळतं. ही चार कागदपत्रं वेगवेगळ्या खात्यांत असतात आणि एका खात्याला दुसऱ्याच्या कागदाची काही पडलेली नसते. एका कार्यालयात मी गाळपेरीची नोंदवही मागितली तर समोरचे साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही पक्ष्यांवाल्या ना? मग वन खात्यात जा." वन खात्यात गेले तर, "हे पाटबंधाऱ्याकडे." तिसऱ्या खेपेला नोंदवही मिळाली. झेरॉक्स काढायची परवानगी नव्हती, हाताने उतरवून घेतली, तीन दिवस लागले.

तिच्यात गट नंबरांच्या शेजारी शेरा लिहायचा एक रकाना आहे. बहुतेक वर्षं तो रिकामा. एका पानावर मात्र कोणीतरी निळ्या शाईत एवढंच लिहिलंय: "जमीन उघडी पडली नाही." त्या हिवाळ्यात त्या तुकड्यावर पाणी होतं. पुढच्या आठवड्यात त्या वर्षीचे गणनेचे आकडे बघायला जातेय.